झोपेवरचा सरकारी इलाज

मी बसलो होतो ती डोणगावची जीप चिखलीच्या चौकात सवाऱ्या भरून राह्यली होती. तिथंच एक वाहतूक हवालदार भोंग्यावरून रस्ता सुरक्षेचं सांगत होता. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा, अन् दर वाक्याले टोपी मागं सरकवायची सवय.

"गाडीवर झोप आली, तर तोंडावर पाणी मारा, गाणे लावा. झोप पळते!"

मी तिसरीत शाळा सोडली, पण चुकीचं बोललेलं मले खपत नाही. आमचा डायवर रातभर लग्नाचं वऱ्हाड वाहून आला होता. त्यानं ते ऐकलं, भसाभसा तोंड धुतलं अन् स्टेरिंगवर बसला. डोळे मिटतच होते.

मी उतरून हवालदाराले म्हटलं, "साहेब, पाण्यानं तोंड ओलं होते, झोप नाही जात. काऊन लोकायले मारता?"

त्यानं भोंगा बंद केला. डायवरकडे पाह्यलं अन् हळूच म्हणाला, "बाबा, वरून सांगतात ते मले बोला लागते. माही बायको जीपमधी बसली, तर डायवरले मी आधी झोपवतो."

"मंग ह्या जीपमधल्या बाया काय बिनानवऱ्याच्या हायेत?"

तो पोट धरून हसला. मंग गेला, जीपची किल्ली काढून खिशात घातली अन् डायवरले मागच्या सीटवर आडवं केलं. लोक माह्यावर कुरकुरले. मी कोणाले जुमानत नाही.

त्याचं भाषण मले आजही पटत नाही. पण डायवर घोरत होता तोवर तो गडी उन्हात, खिडकीशी उभा होता, आपली सावली त्याच्या तोंडावर धरून.