चिंचेच्या पाण्यातलं कमळ

सुलभाताई गेल्याचा फोन त्यांच्या सुनेने, वैशालीने केला, तेव्हा मी गंगापूर रोडवर भाजी घेत होतो. "काका, आई गेल्या..." एवढंच ती बोलली आणि पुढे नुसता हुंदका. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं, आता त्या नाण्यांचं काय होणार? आम्हा संग्राहकांची जातच तसली. ताईंना हे कळलं असतं तर त्या रागावल्या नसत्या, उलट माझ्या जागी त्यांनीही आधी तेच विचारलं असतं.

ताई शाळेत चित्रकला शिकवायच्या आणि स्मारक नाणी जमवायच्या. आम्ही बाकीचे किंमत आणि दुर्मिळता यांवरून भांडत असू, त्यांना फक्त चित्र दिसायचं. ‘सर्वांसाठी अन्न’ या विषयावरचं वीस पैशांचं पितळी नाणं त्यांचं सगळ्यांत लाडकं. त्यावरचं कमळ आणि मागचा सूर्य दाखवून त्या म्हणायच्या, "हे कमळ काढणारा माणूस कधीतरी देवळात मान वर करून उभा राहिलाय, त्याशिवाय अशी पाकळी सुचत नाही." मी हसलो, तर मला एसटीत बसवून सिन्नरला नेलं आणि जुन्या देवळातलं छत दाखवत इतका वेळ उभं केलं, की परतीच्या प्रवासात माझी मान वळेना. पुढे त्या नाण्यावर खोलगट जागी साचलेला तपकिरी काळपटपणा दाखवून म्हणाल्या, "ही त्याची सावली. ही गेली तर सूर्य सपाट होईल. नाणं धुणाऱ्याचे हात कलम केले पाहिजेत." त्या गंमत करत नव्हत्या. एका नावाजलेल्या संग्राहकाने नाण्याच्या चेहऱ्यावर अंगठा टेकवला, तर त्याला अर्धा चहा तसाच ठेवून दाराबाहेर जावं लागलं होतं.

म्हणूनच ती एक दिवाळी मी अजून विसरलेलो नाही. वैशाली लासलगावची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि ती भांडून माहेरी निघून गेली होती. भांडण तसं साधंच, ‘या घरात मला कशालाच हात लावू देत नाहीत’ हे. ताईंचा मुलगा ओझरच्या कारखान्यातून सुट्टी काढून दोनदा तिला आणायला गेला आणि हात हलवत परत आला. शेवटी ऐन दिवाळीत ती आली, पण बॅग उघडली नव्हती. "ही पुन्हा गेली, तर तो गप्प गप्प होऊन संपेल हो," ताई मला म्हणाल्या होत्या. घरात सगळे काचेवरून चालल्यासारखे वावरत होते.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी फराळ घेऊन गेलो. दिवाळीनंतर ताई नाण्यांवरच्या चित्रांचं एक छोटं प्रदर्शन मांडणार होत्या आणि त्यासाठी काढलेली कमळाची नि इतर पितळी नाणी आम्हाला नीट लावायची होती. ताईंनी कपाट उघडलं, तर ट्रे रिकामा. तेवढ्यात स्वयंपाकघरातून वैशाली ताट घेऊन आली. ताटात लाल कापड आणि त्यावर ती सगळी नाणी, झगझगीत, पिवळीजर्द. "लय काळी पडली व्हती हो आई. आमच्यात पूजेला ही कमळाची नाणी लागत्यातच. सकाळपास्नं चिंच-मीठ लावून, रांगोळीनं घासतेय. बघा, कशी सोन्यावानी झाली!"

रांगोळीनं! मी ओरडणारच होतो. ताईंनी माझं मनगट असं आवळलं की नखं रुतली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी कमळाचं नाणं उचललं, खिडकीशी नेलं, तिरपं धरलं. सूर्य पुसट झाला होता, पाकळ्यांवर बारीक ओरखडे... वैशालीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरायला लागलं. तिने एकदा खोलीच्या कोपऱ्यातल्या बॅगेकडे पाहिलं. मीही पाहिलं. एक शब्द वाकडा पडला असता, तर संध्याकाळच्या गाडीने ती गेली असती.

"कडा राहिल्यात गं," ताई म्हणाल्या. आवाज चिरका निघाला, म्हणून त्यांनी खाकरून परत म्हटलं. मग त्या खाली बसल्या, चिंचेचं भांडं पुढे ओढलं आणि स्वतःच्या हाताने त्या नाण्याच्या कडा घासायला लागल्या. वैशाली शेजारी मांडी घालून बसली. मी दारात उभा राहून पाहत होतो आणि मला रडू आवरत नव्हतं. प्रदर्शनाचं ताईंनी गुडघेदुखीचं निमित्त सांगून रद्द केलं. त्यानंतर दर दिवाळीला सासू-सुना मिळून ती नाणी धूत राहिल्या. मी दोन वेळा विषय काढायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा ताईंनी मला चकलीची बशी पुढे करून गप्प केलं.

यंदा त्या घरात सण नव्हता. साधी पूजा तेवढी होणार होती, म्हणून मी दुपारी डोकावलो. ताट तेच, लाल कापड तेच. कमळाचं नाणं मी हातात घेतलं. आता त्यावर सूर्य असा उरलेलाच नाही, पाकळ्याही बोटाला जेमतेम लागतात. एवढी गुळगुळीत झीज फक्त रांगोळीने होत नाही, त्यावर वर्षानुवर्षं ताईंचा अंगठा फिरलेला आहे.

"काका, यंदा धुवायची का नको?" वैशालीने विचारलं. "आई नायत, तर मला हात लावायला कसंतरीच व्हतंय. तुमाला यातलं कळतं. तुमी म्हनाल तसं."

नको म्हणायची केवढी संधी होती! इतकी वर्षं घशात अडकलेलं वाक्य होतं ते. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि तिने दोन्ही हात पदरात घट्ट धरून ठेवले होते.

मी बाह्या वर केल्या आणि विचारलं, "चिंच भिजत घातलीस का?"