सात लाल झिंगे

हे आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर याच टाक्यांपाशी वावरते. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही बोरगावात राहत नाही.

मी काचेच्या टाक्यांत रंगीत झिंगे पाळतो. नखाएवढा जीव, गोड्या पाण्यातला. एका रंगाचे एकत्र ठेवायचे, फिकट निघेल तो काढायचा. पिढ्यान्‌पिढ्या असं केलं की रंग पक्का होतो. लाल आणि निळे एकत्र सोडले, तर मात्र पिल्लं बहुतेक मातकट निघतात. मी प्रत्येक पिढीची नोंद ठेवतो. माझ्या चौदा पिढ्या लाल. त्या टाकीत निळा कधी गेला नाही.

मागच्या गल्लीतल्या वामनलाही हाच शौक. एका रविवारी त्याच्या घरी आम्ही आठ-नऊ जण जमलो होतो. मी सोबत नेलेली नोंदींची वही सगळ्यांसमोर उघडून तो म्हणाला, "याच्या वहीत लाल हाय, टाकीत मातर भेसळ! हा लेकाचा झिंग्यायले गेरू चारते!" सगळे हसले. पुढे माझे झिंगे कुणी मागेना. चौदा पिढ्या — आणि एका वाक्यात भेसळ? त्यानं कधी येऊन पाहिलं होतं का?

भेसळच ना — मग घे.

न्हाणीमागे एका टबात मी माझ्या लाल माद्या आणि निळे नर एकत्र सोडले. एकसष्ट पिल्लं झाली. चोपन्न मातकट. सात मात्र लाल — वरून अस्सल, आत निळ्या बापाचं रक्त. ती सात वाढवली. द्यायची कशी, हे ठरलं नव्हतं. कुणासाठी, ते ठरलं होतं.

मे महिन्यात दिवसभर वीज गेली, कूलर बंद पडला, पाणी तापलं आणि वामनच्या टाकीतले अर्धे लाल झिंगे मेले. मागायला कोण आलं? तो नव्हे — त्याची बायको, कमलवहिनी, त्याला न सांगता. खरं तर टाकी त्यांचीच. तो नुसता पाहुण्यांना दाखवायचा. रोज सकाळी चहाची गाळणी घेऊन त्या टाकीपाशी बसायच्या आणि फिकट पिल्लू हेरून अलगद काढायच्या. "तुमचेच द्या, भाऊजी. तुमच्या टाकीत खोट नसते, मले माहीत हाय."

नवऱ्याचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, मानलं नव्हतं. तिथेच मी थांबायला हवं होतं, नाही? मी सातही मोजून डब्यात घातले.

दिवाळीपर्यंत त्यांच्याकडे मातकट पिल्लं निघू लागली. आधी पाच, मग वीस. काढली तितकी पुन्हा. कुणी आलं की वामन टाकीवर चादर टाकायचा. मी मुद्दाम जायचो, चादर उचलायचो. फार बरं वाटायचं — खोटं कशाला सांगू?

पण कबूल करायचं आहे ते हे नाही.

एका सकाळी वहिनी गाळणी हातात धरून नुसत्याच बसल्या होत्या. म्हणाल्या, "माह्याच डोयानं घात केला, भाऊजी. भेसळ होत गेली, मले दिसलीच नाई."

मी म्हणालो, "होते, वहिनी. वय झालं आता."

पाच शब्द.

डॉक्टरांनी नजर चांगली असल्याचं सांगितलं. त्यांना पटलं नाही. टाकी देऊन टाकली. आता त्या तुरीची डाळ सुनेकडून निवडून घेतात, रस्ता ओलांडताना वामनचा दंड धरतात. मी खरं सांगितलं तर त्यांची नजर त्यांना एका मिनिटात परत मिळेल. पण मग भेसळ माझ्या घरातून आली, हे वामनला कळेल — आणि त्याचं ते रविवारचं बोलणं खरं ठरेल. ते मी होऊ दिलेलं नाही. होऊ देणारही नाही.

परवा भर दुपारी त्या फाटकापाशी उभ्या होत्या. मी दहा फुटांवर. जरा थबकून त्यांनी विचारलं, "तुमीच हाय ना, भाऊजी?"

मी हो म्हणालो आणि पुढे गेलो.