सव्वादोनच्या बांगडीचा नेक

माझ्या वडिलांनी माझ्यासाठी स्वतःच्या हाताने गिटार बनवली, असं मी कुठे बोलले की समोरच्याचे डोळे पाणावतात. पुसा म्हणावं. ती गिटार डोंबिवलीला माझ्या हॉलमध्ये खिळ्याला लटकते आहे आणि तिच्यावर माझ्याच्याने एक कॉर्ड धड वाजत नाही.

बाबा आयुष्यभर ठाण्यातल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. रेघ चुकली तर माणसाचा पाणउतारा करायचा, ही सवय त्यांनी कारखान्यातून घरी आणली आणि रिटायर झाल्यावरही परत केली नाही. त्यांच्याकडे स्वतःची एक गिटार आहे. शेजारचं एक कुटुंब कायमचं परदेशी गेलं, तेव्हा त्यांच्याकडून घेतलेली. तिला हात लावायची घरात कोणाची टाप नव्हती. मी शाळेत असताना मला शिकायचं होतं, तर माझ्यासाठी त्यांनी दुसरी आणली, अरुंद नेकची, म्हणजे तारा जिच्यावर दाबतात ती दांडी अरुंद असलेली. तुझ्या हाताला हीच, म्हणाले.

त्या गिटारवर मी एक तार दाबली की बोट शेजारच्या तारेला टेकायचं आणि ती मुकी व्हायची. सूर म्हणून काही यायचंच नाही, नुसतं टप टप. बाबा आधी माझी नखं तपासायचे, डाव्या हाताची. तारा दाबायच्या तर ती कापलेली लागतात. माझी कापलेली असायची. मग म्हणायचे, "बोटं आहेत का भेंड्या?" हे एकट्यात नाही, पाहुण्यांसमोर. एकदा माझ्या आत्यासमोर म्हणाले, "हिला पोळपाट द्या, तिथे खपतील ही बोटं." सगळे हसले. मीही हसले, तेच जास्त लागलं. काही महिन्यांत मी गिटार माळ्यावर टाकली. तेव्हापासून मला कलेचा हात नाही, हे मी धरूनच चालले. सोसायटीत रांगोळीला बोलावलं तरी मी रंगांच्या वाट्या भरून द्यायचे आणि बाजूला उभी राहायचे.

मागच्या वर्षी मुलगी नोकरीला लागली, घर रिकामं झालं, आणि मी गुपचूप डोंबिवलीतच एका क्लासला नाव घातलं. माझ्या निम्म्या वयाची पोरं सगळी. पुन्हा तेच टप टप. सरांनी माझा हात ट्यूबखाली धरला, बोटं उलटी करून बघितली. "मॅडम, तळवा छोटा आहे तुमचा, पण बोटांची टोकं रुंद आहेत. तुम्हाला तारांमध्ये जागा हवी. नेक रुंद घ्या, मागून पातळ असला की झालं."

मी घरी येऊन रडले. माझा हात वाईट नव्हता, एवढंच कोणीतरी सिद्ध करून द्यावं, बाकी मला काही नको होतं.

आणि बाबा तर रिटायर झाल्यापासून नौपाड्याच्या घराच्या मागच्या बाल्कनीत गिटारच बनवत होते. मी माती खाल्ली ती इथे. त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, माझ्यासाठी एक करा. वरच्या टोकाला हाडाची पट्टी असते ना, जिच्या खाचांमधून तारा जातात, तिला नट म्हणतात. तिथे नेक सेहेचाळीस मिलिमीटर हवा. मागून हवा तेवढा पातळ करा, पण वरून रुंद.

बाबांनी रंधा थांबवला नाही. "कोणी शिकवलं?"

"क्लासच्या सरांनी."

"पोरगा असेल कोणीतरी." मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अगं, हिच्या बांगडीचं माप काय?"

"सव्वादोन," आई आतून म्हणाली. लग्नात कासारणीने माझा हात दाबून दाबून ते माप काढलं होतं आणि केवढासा नाजूक हात म्हणून कौतुक केलं होतं. आमच्याकडे बाईच्या हाताचं माप म्हणजे बांगडी. त्यापुढे काही मोजायचं असतं हे कोणाच्या गावीही नसतं.

"सव्वादोनचा हात आणि सेहेचाळीसचा नेक?" बाबा म्हणाले. "बेचाळीस बास झाला."

"बाबा, बांगडी मुठीवरून चढते. तारा बोटांच्या टोकांनी दाबायच्या असतात."

"आता तू मला शिकव."

तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसांत मी दर आठवड्याला नौपाड्यात जायचे. जुन्या दाराच्या चौकटीचं सागवान त्यांनी नेकसाठी काढलेलं. त्यावर शिसवीची पट्टी बसवायची होती, फ्रेटच्या आडव्या धातूच्या पट्ट्या जिच्यात ठोकतात ती. ती अजून रुंद होती तेव्हा मी म्हटलं, एवढीच राहू द्या. माझ्यादेखत त्यांनी दोन्ही बाजूंनी रंधा मारला. भुसा खाली पडत होता आणि ते शीळ वाजवत होते.

गिटार झाली तो रविवार. रविवारी सकाळी बाबांचे मित्र पोहे खायला आणि त्यांची गिटार ऐकायला येतात. सगळ्यांसमोर बाबांनी नवी गिटार माझ्या हातात दिली. "वाजव." मी कॉर्ड धरली. टप टप.

"बघा," बाबा मित्रांना म्हणाले. "लाकूड बदललं, भेंड्या त्याच."

मंडळी हसली. या वेळी मी हसले नाही. म्हटलं, "बाबा, तुम्ही वाजवून दाखवा. यांना आवाज तरी कळू दे."

नाही कसं म्हणणार? सगळे बघत होते. त्यांनी घेतली, आणि त्यांचं रोजचं, डोळे मिटून वाजवायचं गाणं सुरू केलं. तारा मुक्या. बोटं सरकवली, मनगट वाकवलं, पुन्हा धरली. टप. एक मित्र साधेपणाने म्हणाला, "अरे, आज बोटं जड झाली का तुझी?" बाबांचा चेहरा पडला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मग मी उठले आणि कोपऱ्यातली त्यांची गिटार उचलली. कोणी काही म्हणायच्या आत तीच कॉर्ड धरून तारांवरून हात फिरवला. सहाही तारा वाजल्या. एकही अडकली नाही. मला हात होता. बाबांचा मोजायचा कॅलिपर टेबलावरच होता, तो मी त्यांच्या नटला लावला आणि आकडा मोठ्याने वाचला. सेहेचाळीस.

मित्रांनी पोहे भराभर संपवले आणि चपला घातल्या.

ते गेल्यावर मी विचारलं, "तुमची बोटं न् माझी बोटं सारखीच आहेत. कळलं नाही तुम्हाला?"

"आंधळा आहे का मी? तू जन्मलीस त्या दिवशीच बघितलेली."

"मग मला अरुंद का आणून दिलीत?"

"घरात दोघं वाजवायला लागले की एकाला ऐकत बसावं लागतं," बाबा म्हणाले. "मला ऐकत बसायचं नव्हतं."

"आणि आता? आता का?"

त्यांनी खरंच थोडा विचार केला. "आता काय, सवय."

आई ताटल्या गोळा करत होती. तिने मान वर केली नाही, त्यावरून मला कळलं की तिलाही माहीत होतं.

मी म्हटलं, "मला ही तुमची द्या." त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, फडक्याने पुसली, पेटीत ठेवली आणि दोन्ही कड्या लावल्या. "मी मेल्यावर ने."

"बरं," मी म्हटलं.

आता मी दर रविवारी सकाळी फोन करते. बीपी किती, जेवण जातंय का, रात्री झोप लागते का, सगळं विचारते. आई म्हणते, एवढं झालं तरी बाबांची किती काळजी करतेस गं. मी हो म्हणते. फोन ठेवते आणि डाव्या हाताची नखं कापते.