नेऊ की ठेऊ

रविवार, संक्रांतीच्या आधीचा. हजर — मी (सुनंदा), आमचे हे, माझी धाकटी बहीण कल्पना, आदल्या दिवशी नागपूरहून आलेली, आणि पहाडीवर वाट दाखवायला गावातल्या रेवताबाई. गैरहजर — आई. ती भद्रावतीला, आमच्या क्वार्टरमध्ये, पलंगावर. शेजारच्या काकू तिच्याजवळ बसल्या होत्या.

हजेरी आधीच लिहिली, कारण "कोण कोण होतं?" हे नंतर विचारलं जातंच. इथे लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आणि वाचताना मनातल्या मनात खुणा करत जाते — उपाशी होते, थकले होते, अंधार होता, आधीच घाबरले होते... झालं, भूत तयार! आमच्या वेळी यातलं काही नव्हतं. भर दुपार होती, पोटात पोहे होते. आणि मी घाबरलेली नव्हते, चिडलेली होते.

कॉलनीच्या सहली मीच काढते. हिवाळ्यात एका दिवसात होईल अशी ही सहल माझ्या डोक्यात केव्हापासून होती — सकाळी लवकर निघायचं, चंद्रपूर, मूल, मग सावली गावाच्या अलीकडे आत फाटा. पहाडी चढून उतरायची, खाली झाडाखाली जेवायचं, वैनगंगेचा पूल ओलांडून मार्कंड्याचं देऊळ बघायचं आणि दिवेलागणीच्या आसपास परत. (जाणार असाल तर बूट घाला, चपला नको. सागाच्या वाळल्या पानांवरून पाय सटकतो. पाणी खालूनच न्या. आणि वाट दाखवणारं माणूस घेतल्याशिवाय जाऊ नका, जंगल आहे ते, बगीचा नाही.)

पण या सहलीचं खरं कारण देऊळ नव्हतं. आईला लकवा मारल्यापासून तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तेव्हापासून ती माझ्याकडे. उठवणं, बसवणं, धुणं, भरवणं, सगळं मी. त्यात माझ्या कंबरेची चकती सरकली. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही असं बजावलं... आई म्हणजे वजनच की. यांची रिटायरमेंट मार्चअखेर, म्हणजे क्वार्टर सोडायचं. पुढे राजुऱ्याला यांच्या भावाच्या घरात वरच्या दोन खोल्या, अरुंद जिना. तिथे आईला चढवणार कशी, आणि एकदा चढवली तर उतरवणार कशी? कल्पनाकडे नागपूरला लिफ्ट आहे, मोकळी खोली आहे. फोनवर विचारलं की ती "बघू ताई" म्हणायची. बघू, बघू! म्हणून म्हटलं, दिवसभर माझ्यासोबत चल. घरात आईच्या देखत हे बोलता येत नाही. तिला सगळं ऐकू येतं.

कल्पनाला हे गाडीतच कळलं. चंद्रपूर सुटलं तशी म्हणाली, "ताई, तू सहल काढली का मीटिंग?"

"दोन्ही," मी म्हटलं. "तिळाची वडी घे."

आमचे हे पुढे बसून गप्प गाडी चालवत होते. दोन बहिणींच्या मध्ये पडायचं नाही, एवढं शहाणपण लग्नाच्या इतक्या वर्षांत आलंय त्यांना.

धान कापलेल्या बांध्या, मध्येच रचलेल्या भाऱ्यांचे पुंजणे, कुठे लाखोळीच्या पिकाचा हिरवा पट्टा, वर धुकं. सगळं छान होतं, मी बघितलं नाही. गावात रेवताबाई तयारच होत्या. बारीक, काटक, डोक्याला गमछा, कमरेला कोयता. माझ्याच वयाच्या असतील. मला बघून म्हणाल्या, "बाई, तुमाले जमन का? कंबर धरून चालून राह्यल्या."

"जमेल."

"नाई जमलं तं सांगजा. मी काई उचलून आणत नाई, आधीच सांगतो."

कल्पना हसली. मला नाही हसू आलं.

यांचा गुडघा दुखतो, म्हणून हे खाली मोहाच्या झाडाखाली गाडीत थांबले. आम्ही तिघी चढलो. वरच्या सपाट खडकाच्या थोडं अलीकडे मी बसले. तिथून एका बाजूला सरळ कडा, खाली जंगलच जंगल. रेवताबाई जराशा पुढे वाळल्या काटक्या गोळा करत होत्या. मी कल्पनाला सगळं सांगितलं. कंबर, जिना, मार्च. आवाज चढवला नाही. ती बराच वेळ बुटाच्या टोकाने पाचोळा उकरत राहिली.

मग म्हणाली, "ठीक आहे ताई. फेब्रुवारीत नेते मी आईला."

इतकंच. इतके महिने मी ज्या वाक्याची वाट बघत होते ते वाक्य. मी 'बरं' म्हणायला तोंड उघडलं... आणि हाक आली.

आईची हाक. लकवा मारायच्या आधीची, अंगणातून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी, शेवट लांबवलेली. एकदाच आली. कड्याच्या बाजूने, जिथे उभं राहायला जागा नाही तिथून.

मी कल्पनाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. म्हणजे तिनेही ऐकलं होतं. रेवताबाई हातातल्या काटक्या तशाच धरून वळल्या होत्या.

"ऐकलंस?" कल्पना म्हणाली. "'मले नेऊ नोको वो बाई' म्हणाली. नेऊ नको म्हणाली, ताई!"

"नेऊ नाही," मी म्हटलं. "ठेऊ. 'मले ठेऊ नोको वो बाई.' मी स्पष्ट ऐकलं."

"नेऊ!"

"ठेऊ. मला सांगितलं तिनं. 'बाई' मला म्हणायची ती."

"मला पण बाईच म्हणायची!"

तेही खरंच. आमच्याकडे लेकीला बाई म्हणतात, थोरली असो की धाकटी. आईनं आम्हाला नावानं कधी हाक मारलीच नाही. दोघीही बाई. आवाजावरून आम्हाला बरोबर कळायचं कोणाला बोलावते ते. त्या दिवशी दोघींनाही बरोबर कळलं होतं.

विचार करा, असं काही कानावर पडल्यावर माणसं काय करतील? हात धरतील, देवाचं नाव घेतील. आम्ही भांडलो. कड्याच्या काठावर उभ्या राहून, एका शब्दावरून. कल्पना म्हणाली, तुला तिला माझ्या गळ्यात टाकायचीच आहे, म्हणून तुला तसं ऐकू आलं. मी म्हटलं, तुझ्या जिभेवरून होकार निघून खाली पडला नाही तोवर तुला सुटका सापडली.

शेवटी मी रेवताबाईंना विचारलं, "तुम्ही काय ऐकलं?"

"मी तं 'बाई' तेवढं आयकलं. मले वाटलं मलेच कोनी बोलावून राह्यलं. मले बी सारे बाईच म्हनतेत." त्यांनी कड्याकडे एकदा बघितलं. "कोन होती?"

"आमची आई."

"संग आनली नाई वाटते?"

"ती घरी आहे. तिला बोलता येत नाही."

 रेवताबाईंनी काटक्यांची मोळी बांधली, डोक्यावर घेतली आणि म्हणाल्या, "चाला खाली. भांडान घरी जाऊन करा, इथी नोको."

खाली हे झोपले होते. काहीच ऐकलं नव्हतं त्यांनी. जेवण कोणी धड केलं नाही. तिथे मोबाइलला रेंज नव्हती. मूलच्या दिशेने परत निघालो तसा फोन वाजायला लागला. काकूंचे फोन येऊन गेलेले. मला वाटलं, संपलं. तुम्हालाही आता तेच वाटत असेल, अशा गोष्टींत तेच असतं. नाही. आई ठीक होती.

काकू ओरडतच होत्या, "अवो सुनंदा, आई बोलल्या! लकव्यानंतर पहिल्यांदा! अशी मोठ्यानं हाक मारली, मी सैपाकघरातून पळत आली!"

मी फोन स्पीकरवर टाकला. "काय म्हणाली आई, काकू?"

"बाई म्हणाल्या. मले कायतरी नोको म्हणाल्या."

"काय नको?" आम्ही दोघी एकदमच.

"आता ते... कुकरची शिटी झाली ना नेमकी तवाच. भात लावला होता. नेऊ का ठेऊ का देऊ, असंच काईतरी. जाऊन पाहतो तं तोंड मिटलेलं, डोळे उघडे."

काकूंच्या पहिल्या फोनची वेळ बघितली, आम्ही वर होतो तेव्हाचीच. मार्कंडा राहिला. परतीच्या रस्त्यात कल्पना खिडकीकडे तोंड करून रडत होती. मला त्याचा राग आला. म्हटलं, हिला हवं ते मिळालं, आता रडते कशाला? घरी आल्यावर तिने आईच्या पायाला हात लावला, बॅग उचलली आणि गेली.

मी चौकशी केली नाही असं नाही. डॉक्टर म्हणाले, अशा रुग्णांना कधीकधी एखादं वाक्य फुटतं, मग पुन्हा बंद. बरं, घरातलं समजलं. पण पहाडीवरचं? ते म्हणाले, मनाचे खेळ. दोघींच्या मनाचा एकाच क्षणी एकच खेळ, आणि तिसऱ्या बाईचाही, जिने माझ्या आईला जन्मात बघितलं नाही? रेवताबाईंच्या गावात फोन करून विचारलं, त्या दिवशी कोणी जंगलात गेलं होतं का, कोणाला हाका मारल्या का. त्या म्हणाल्या, "कड्याखाली कोन जाईन बाई? तिकडं अस्वल बी जात नाई." मला आजही याचं कारण सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर लिहा, पण 'वारा होता' असं लिहू नका. वारा नव्हता.

कल्पनाने फोनवर सांगून टाकलं — आईनेच नको म्हटलंय, मी तिच्या मर्जीविरुद्ध नेणार नाही. मी सांगितलं, आईनेच मला ठेऊ नको म्हटलंय. आता आम्ही बोलत नाही. संक्रांत गेली, तिळगुळाचा मेसेजसुद्धा नाही. राजुऱ्याला जायचं सामान बांधायला घेतलं.

परवा आईचं अंग पुसत होते. पाठीवरून कपडा फिरवताना हात थांबला. माझंच ऐकणं खरं असेल, तर इतके दिवस ज्या बाईनं तिला धुतलं, भरवलं, कुशीवर वळवलं, तिच्याजवळ तिला राहायचं नाही. आणि कल्पनाचं खरं असेल, तर... मग मला समजलं ती गाडीत कशाला रडत होती. भांडून भांडून दोघींनी आपापल्या वाट्याला आईचं 'नको'च मागून घेतलं.

एक मार्ग आहे. आईला बोलता येत नाही, पण डावा हात चालतो. चहा हवा का, कूस बदलू का — हो असेल तर ती माझं बोट दाबते, नसेल तर दाबत नाही. कधी चुकत नाही. म्हणजे तिच्याजवळ बसायचं, हातात बोट द्यायचं आणि विचारायचं — आई, त्या दिवशी नेऊ म्हणालीस की ठेऊ? एका मिनिटाचं काम आहे. सामानाच्या पेट्या बांधून झाल्या, गॅस बदलून घेण्याचा अर्ज दिला, टेम्पोवाल्याला सांगून झालं.

आईला विचारायचं राहिलंय.