पंपाला एक टोपण

"उन्ह लागलं त्याले, ताई. औषधाले काऊन दोष देता?" कृषी केंद्राचे शेठ वर न बघताच बोलले.

गजाननभाऊ शेजारच्या बाकावर बसले होते. मजुरीनं फवारणी करतात. आदल्या दिवशी कपाशीवर फवारताना चक्कर आली, उलट्या झाल्या, दवाखान्यात सलाईन लागलं. बरं वाटलं की पुन्हा तोच पंप पाठीवर. फवारणीतली विषबाधा थांबवणं हे माझं काम, म्हणून आधी माप विचारलं.

"पंपाले एक टोपण. दरसालचंच," गजाननभाऊ म्हणाले. "शेठच सांगतात."

आमच्याकडे बाटलीचं टोपण हेच माप. लेबलवरची अक्षरं मुंगीएवढी, आणि हिशोब हेक्टरचा: पाचशे मिली औषध, पाचशे लिटर पाण्यात. मजुराच्या पाठीवर असतो पंधरा लिटरचा पंप. हे गणित कंपनी करून देत नाही, दुकानदारही नाही. विष मात्र मजुराच्या अंगावर. गणित एवढंच: मिली म्हणजे हजारावा भाग. पाचशे लिटरला पाचशे मिली, म्हणजे लिटरला एक. पंपाला पंधरा.

मी दहा सीसीची सिरिंज काढली. शेठ हसले.

"हे सीसीचं हाय. औषध एमएलमधी येते."

"एकच आहे, शेठ. एक सेंटीमीटर लांब, तेवढीच रुंद, तेवढीच उंच डबी घ्या. तिच्यात मावतं ते एक सीसी. तेच एक मिली. असे हजार झाले की लिटर."

"पत्रकात छापा ते."

"छापलंय. तुमच्याच काउंटरवर ठेवलं होतं. तुम्ही त्यात बियाण्याच्या पुड्या बांधल्या."

गजाननभाऊंकडून मी दोन टोपणं धुऊन मागवली होती. एक गेल्या सालच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीचं, एक यंदाच्या लिटरच्या बाटलीचं. औषध तेच. सिरिंजनं पाणी भरलं. जुनं टोपण दीड सिरिंजमध्ये भरलं, बरोबर पंधरा मिली. नव्यात तीन रिकाम्या झाल्या, तरी जागा उरली. पस्तीस मिली.

"म्हंजे म्या दुपटीच्या वर मारून राह्यलो होतो," गजाननभाऊ म्हणाले. "आन् तुमी उन्हावर ढकलून राह्यले, शेठ."

"कंपनीनं टोपण बदललं, मले काय माहीत?"

"मग टोपणानं सांगता कशाला?" मी विचारलं.

शेठ आत गेले. मापाच्या प्लॅस्टिक कपांचा खोका घेऊन आले. कंपनीनंच दिलेला, न फोडलेला. आता या औषधाच्या प्रत्येक बाटलीसोबत कप देतात, पंधरावर पेनानं रेघ मारून. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर गजाननभाऊ मास्क लावून, कपानं मोजून कामाला लागले. पुन्हा सलाईन लागलं नाही.

मजूर अडाणी नव्हता. त्याच्या हातात मापच चुकीचं दिलं होतं. बाटली बदलली की टोपण बदलतं. मिली बदलत नाही.