ढगामागचा हात

माझ्या मावशीकडे जेवायला जायचं म्हणजे परीक्षेलाच बसायचं. स्वयंपाक ती झकास करते, त्याबद्दल तक्रार नाही. धास्ती असते ती पाण्याच्या पेल्याची. उचललेला पेला होता तिथेच परत ठेवावा लागतो, नाहीतर रंगात आलेली गोष्ट मध्येच तोडून ती म्हणणार, "मगाशी डावीकडे होता." एकदा माझे बाबा संध्याकाळी "ऑफिसातून थेट इकडेच आलो" म्हणत तिच्या दारात उभे राहिले. तिने त्यांना खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "सकाळी बसस्टॉपवर दिसलात तेव्हा भांग या बाजूला होता, भावजी. ऑफिसात आंघोळीची सोय झाली वाटतं?" बाबा मित्रांबरोबर पोहायला गेले होते. आईने पुढचे काही दिवस त्यांना सळो की पळो करून सोडलं.

तसा तिचाही दोष नाही. तिने आयुष्यभर पोटासाठी हेच केलं. सिनेमाच्या सेटवर ती कंटिन्यूइटी बघायची. सिनेमा तुकड्यातुकड्यांनी होतो. नायिका दारातून आत येते ते आज आणि खुर्चीत बसते ते पुढच्या महिन्यात. मधल्या काळात तिचं कानातलं बदललं, दारातली चप्पल सरकली किंवा दूध पिणाऱ्याचा कप रिकाम्याचा भरला, तर ते पकडायचं काम मावशीचं. ती पकडायचीही. पण पकडून सांगायचं कुणाला, तर दिग्दर्शकाला. आणि तिच्या नशिबी आलेल्या दिग्दर्शकाचं एकच उत्तर ठरलेलं असायचं: "बाई, कोण बघतंय!"

त्या माणसाचे बाकीचे सिनेमे लोक विसरले. एक मात्र अजून चालतो, आणि मावशीच्या दुर्दैवाने तो चुकांसाठीच प्रसिद्ध आहे. गाण्यांचा, जादूचा सिनेमा. एका मुलीची बकरी ढगांच्या राज्यात पळून जाते आणि मुलगी तिला आणायला शिडी लावून वर चढते, एवढीच गोष्ट. वर सगळेच गात असतात. राजा गातो, पहारेकरी गातात, दरवाजासुद्धा गातो. बकरीचं काम दोन बकऱ्यांनी केलंय, कारण पहिली सेटवरचा कापूस खाऊन आजारी पडली. पहिलीचे दोन्ही कान काळे, दुसरीचा एक पांढरा. त्यामुळे खांबामागे जाते ती एक बकरी आणि बाहेर येते ती दुसरीच. मुलगी अंधाऱ्या जिन्यावर मेणबत्ती घेऊन गाते, आणि गाणं जसजसं पुढे जातं तसतशी मेणबत्ती उंच होत जाते. राजाच्या मिशीचं तर विचारूच नका. ती दर कडव्याला नव्या जागी उगवते.

आमच्या चौकातल्या जुन्या थिएटरात शाळांना सुट्टी लागली की दर वर्षी हा सिनेमा लावतात, आणि तो बघताना कुणीही गप्प बसत नाही. बकरी खांबामागे गेली की अख्खं थिएटर ओरडतं, "कान!" जिन्यावरच्या गाण्यात "मेणबत्ती! मेणबत्ती!" असा ताल धरला जातो. आईबाप आपल्या पोरांना आधी चुका शिकवतात, मग गाणी. मावशी दर वर्षी शेवटच्या रांगेत बसायची आणि दर आरोळीला माझ्या दंडाला चिमटा काढायची. "सांगितलं होतं गं मी त्याला," ती पुटपुटायची. "चुका त्याच्या, आणि पडद्यावर कंटिन्यूइटीपुढे नाव कुणाचं? माझं!"

या सगळ्या चुकांमध्ये एक चूक मात्र आमच्या घरची आहे.

सिनेमाच्या शेवटी मुलगी ढगावर बसून बकरीला मांडीवर घेऊन गाते. ढग म्हणजे लाकडी घोडीवर ठोकलेलं प्लायवुड आणि वर कापूस. गाण्याच्या ऐन मध्यावर खालची एक पाचर सटकली आणि ढग कलायला लागला. मुलीच्या ते लक्षातही आलं नाही, ती गात राहिली. कारण ढगामागे उभ्या असलेल्या सुताराने हात पुढे घालून ढगाची कड पकडली आणि टेक संपेपर्यंत सोडली नाही. पडद्यावर तो हात स्वच्छ दिसतो. अंगठ्याला पट्टी बांधलेली आहे. मध्ये एकदा करंगळी जरा उचलली जाते आणि परत टेकते.

मावशीने अर्थातच लगेच सांगितलं, "हात दिसतोय!" दिग्दर्शक म्हणाला, "कोण बघतंय! पोरीचं हसू बघा." मग मावशी तणतणत ढगामागे गेली, हाताच्या मालकाला फैलावर घ्यायला. तो मालक घामाघूम होऊन तिथे बसला होता. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हात काढला असता तर पोरगी दिसली नसती, बाई." भांडायला गेलेली मावशी लग्न ठरवूनच परत आली, असं आई सांगते. मावशी म्हणते, इतकं लगेच काही नाही, आधी तिने त्याला पट्टी नीट बांधून दिली.

तेच आमचे काका. आणि तो हात दिसला की थिएटरातले सगळे प्रेक्षक त्याला हात हलवून दाखवतात. कुणी सुरू केलं देव जाणे, पण प्रथाच पडून गेली आहे. काका होते तोवर तेही आमच्याबरोबर बसायचे आणि त्याच हाताने स्वतःच्या हाताला टाटा करायचे, वर आजूबाजूच्या पोरांना सांगायचे, "मी ओळखतो हं त्याला." मावशी तेव्हा हाताची घडी घालून बसायची. चुकीला हात दाखवायचा म्हणजे तिला डोक्यावर चढवायचं, हे तिचं मत. काका गेल्यावरही ती दर वर्षी आली, आणि त्या गाण्याला घडी घालूनच बसली. पण मी शेजारी असायचे. करंगळी उचलली जाताना ती श्वास रोखून धरायची, हे मला ठाऊक आहे. घरात काकांचे फोटो पुष्कळ आहेत, पण फोटोत कुणाची करंगळी हलत नाही.

तर अशा या मावशीला सिनेमाच्या कंपनीचा फोन आला. जुन्या सिनेमाची नवी, स्वच्छ प्रत करायची होती. आता कॉम्प्युटरवर काहीही पुसता येतं. त्या वेळच्या मंडळींपैकी तुम्हीच सापडलात, येऊन सगळ्या चुका दाखवून द्याल का, असं त्यांनी विचारलं.

"सगळ्या?" मावशीने विचारलं.

"एकूण एक. आमच्या साहेबांना एकही चूक राहिलेली नको आहे."

तिने मला फोन केला तो ओरडतच. इतकं खूश मी तिला काका गेल्यापासून पाहिलं नव्हतं. "कान काळा होणार!" ती म्हणाली. "मिशी सरळ होणार! आता बघू कोण नाव ठेवतं ते!"

मी म्हटलं, "आणि काकांचा हात?"

पलीकडून ती म्हणाली, "चूक ती चूक. एक झाकायची आणि बाकीच्या दाखवायच्या, असं मी आजवर केलेलं नाही."

"अगं, पण पुसून टाकतील ना ते!"

"टाकतील. त्यासाठीच बोलावलंय." आणि तिने फोन ठेवून दिला.

मला इतका राग आला की तिच्याबरोबर जायचंच नाही असं ठरवलं होतं. पण तिला एकटीला टॅक्सीत बसवायचं म्हणजे ड्रायव्हरचे हाल. आरसा तिरका आहे म्हणून ती वाटेत गाडी थांबवायची. गेले.

खोली लहान होती, पडदे ओढलेले, दोन मोठे स्क्रीन आणि एसी असा की दात वाजावेत. कॉम्प्युटरवर बसलेली बाई चाळिशीची, चष्मा डोक्यावर सरकवलेली. लहानपणी तीही आमच्यासारखीच "कान!" ओरडलेली निघाली, त्यामुळे मावशीशी तिचं पहिल्या चहातच गूळपीठ जमलं. मग दोघींनी जो काही धडाका लावला! मावशी बोट दाखवायची, बाई पुसायची. बकरीचा कान काळा झाला तेव्हा मावशीने टाळी वाजवली. मेणबत्ती गाण्याबरोबर शहाण्यासारखी वितळायला लागली. राजाच्या मिशीला तर मावशीने तीनदा हलवून घेतलं. "अजून जरा. नाकाच्या बरोब्बर खाली आण. हां! इतकी वर्षं वाट बघितली मी या मिशीची."

मी मागच्या खुर्चीत बसून शेवटच्या गाण्याची वाट बघत होते.

गाणं आलं. ढग, मुलगी, बकरी. आणि कडेवर हात.

"हा आपला सगळ्यांचा लाडका," बाई म्हणाली. तिला काय माहीत! "याला काढायचं जिवावर येतंय, पण साहेबांना एकही चूक नको..."

"थांब," मावशी म्हणाली. "पुन्हा लाव."

तिने पुन्हा लावलं. करंगळी उचलली गेली, टेकली. "पुन्हा," मावशी म्हणाली. असं किती वेळा झालं मी मोजलं नाही. मावशीचा आवाज बदलला होता. बाईने वळून तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हळूच म्हटलं, "काकांचा आहे."

बाईने माऊसवरचा हातच काढून घेतला. "मावशी, आपण नाही काढायचा. मी सांगते साहेबांना, राहून गेला म्हणून."

"राहून कसा जाईल?" मावशी एकदम उसळली. डोळे भरलेले, पण सूर तोच, पेला डावीकडे होता म्हणणारा. "मी इथे बसलेली असताना राहून जाईल? माझ्या नावावर आणखी एक चूक घालू?" तिने डोळे पुसले, नाक पुसलं आणि खुर्ची पुढे ओढली. "आधीचा शॉट दाखव."

आधीच्या शॉटमध्ये ढग लांबून दिसत होता. हात नव्हता.

"नंतरचा."

त्यातही नव्हता.

मावशीने दोन्ही शॉट पुन्हा लावून घेतले. मग ती बोलली ती अगदी सावकाश, स्वतःलाच समजावल्यासारखी. "आधी नाही, नंतर नाही, मध्येच उगवतो. म्हणून ती चूक. आधीही असला, नंतरही असला, गाणं सुरू होतं तेव्हापासून संपेपर्यंत त्याच जागी असला, तर?"

बाईचा चष्मा डोक्यावरून घसरून नाकावर आला. "तर मग... जुळतंय की सगळं."

"मग घाल. आणि पट्टी अंगठ्यालाच राहू दे, इकडची तिकडे करू नकोस."

पुसायच्या खोलीत त्या दिवशी पहिल्यांदाच काहीतरी घातलं गेलं. लांबच्या शॉटमध्ये लहान हात, जवळच्या शॉटमध्ये मोठा. मावशी उजेड जुळतोय का बघत होती, सावली कुठे पडते ते सांगत होती. काम संपलं तेव्हा ढगाला पहिल्या सुरापासून एक हात धरून होता, आणि ते इतकं सरळ वाटत होतं की ढग दुसऱ्या कशावर उभे असतील, असं मला वाटायला लागलं.

तरी साहेब बाकी होते. ते संध्याकाळी आले, हातात फोन, तोंडात घाई. शेवटचं गाणं सुरू झालं आणि मावशीने माझा दंड धरला. चिमट्याच्या तयारीत होती की काय कोण जाणे. साहेबांनी अख्खं गाणं डोळे बारीक करून बघितलं. काहीच उडी मारत नव्हतं, काहीच बदलत नव्हतं.

"छान," ते म्हणाले. "एकही चूक नाही." आणि गेले.

दार लागलं आणि मावशी खुर्चीत मागे टेकून अशी हसली की खुर्ची कलली. "कोण बघतंय!" ती म्हणाली. दिग्दर्शकाचं ते वाक्य पहिल्यांदाच तिच्या उपयोगी पडलं.

सुट्टी लागली, थिएटरात नवी प्रत आली. आम्ही नेहमीच्या जागी बसलो. बकरी खांबामागे गेली, सगळे ओरडले, "कान!" आणि बाहेर आली ती काळ्या कानाची बकरी. थिएटरात अशी कुरकुर झाली म्हणता! मेणबत्तीच्या गाण्याला ताल धरणारे दोन ओळींतच थांबले. पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "कुणी शहाण्याने वाट लावली ही?" मावशी खुर्चीत खाली सरकली. तिची वर्षानुवर्षांची इच्छा पुरी झाली होती आणि थिएटरातलं एकही माणूस खूश नव्हतं. मला हसूही येत होतं आणि तिची दयाही.

मग शेवटचं गाणं सुरू झालं. पहिल्याच सुराला एक लहान मुलगी उभी राहिली. "हात!" ती किंचाळली. "आलासुद्धा!"

आधी एक हात वर गेला, मग रांगच्या रांग. पण पडद्यावरचा हात जाईचना. नेहमी पटकन हलवून खाली घ्यायचे हात लोकांनी खाली घ्यायचे तरी कधी? कडवं संपलं, दुसरं लागलं, पडद्यावरचा हात ढग धरून होता आणि अख्खं थिएटर हसत, ओरडत हात हलवत होतं. कुरकुरणारे आजोबा तर दोन्ही हातांनी. करंगळी उचलली गेली तेव्हा एवढ्या शिट्ट्या झाल्या की गाणं ऐकूच आलं नाही.

मी शेजारी पाहिलं. मावशीने हाताची घडी सोडली होती.

"इतका वेळ धरून ठेवायला लावलं मी," ती म्हणाली. "हात दुखत असेल ह्यांचा." आणि तिने आपला हात वर केला.