टिप्परच्या पायदानावरचा लोटा

बाबा गेल्याचा निरोप मला नागपुरात मिळाला. गावी पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती आणि माणसं ती अंगणात ठेवत होती. रडता रडता आई एकदम म्हणाली, "तिथी नोका ठेवू, तिथी उतार हाये." कोणाला काही उमगलं नाही. मला उमगलं...

बाबा टिप्पर चालवत. भामरागडकडचा रस्ता होत होता, त्यावर मुरूम टाकायचं काम. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी, आणि तो त्याच मुरमावर झालो, हे मी छाती काढून सांगतो. कॉलेजच्या सुट्टीत तिथं जाऊन बसे. मुरूम ओतायला गाडीचा मागचा डाला वर गेला की सागाच्या शेंड्याला भिडतो की काय असं वाटे. पण उचलण्याआधी बाबा आईचा पाण्याचा लोटा काठोकाठ भरून पायदानावर ठेवत. पाणी एका काठावरून सांडलं की गाडी हलवून सपाट जागा शोधत. आधी एका ड्रायव्हरची गाडी उतारावर पालथी होऊन तो तिच्याखाली गेला होता. "खाली बोटभर उतार, तं वर हातभर झुकते," एवढंच बाबा म्हणत. मुकादम चिडवायचा, "लोटा घेतलाच हायेस तं जाऊन ये नं झाडाआड!" मुरूम पसरणाऱ्या बाया फिदीफिदी हसत. त्यांत आईही असे.

एकदा पाऊस तोंडावर आला, रस्ता पुरा करायची घाई. आदल्या दिवशीच्या सरीनं मुरूम ओला. लोट्यातलं पाणी सम होतं, डाला वर गेला. पण अर्धाच माल घसरला, उरलेला एका कोपऱ्यात चिकटून बसला. गाडी कलायला लागली, आणि कलत होती त्याच बाजूला आई पावडं घेऊन उभी...

"झटका दे गाडीले, पडते माल!" मुकादम ओरडला.

"झटक्यानं माल नाई, गाडी पडते भाऊ. आधी बायाइले हटव."

बाबांचा आवाजसुद्धा चढला नाही. बाया दूर झाल्या आणि डोक्यावरची भरली घागर उतरवावी तसा डाला खाली आला. मग बाबांनीच वर चढून तो मुरूम मोकळा केला. लोट्यावरून मुकादम पुन्हा बोलला नाही. त्या दोन हातांचं नवल माझ्या मनातून अजून सरत नाही.

परवा आईनं तोच लोटा भरून बाबांच्या नावानं पाटावर ठेवला. पाणी एका काठाला चढलं. दिव्यासाठी पेटवलेली काडी विझवून ती म्हणाली, "पाट पाह्य जरा." मी पाटाखाली चिंधी सारली. पाणी सम झालं. मग तिनं दिवा लावला.